अठरा हजार फुटांवरची साक्ष

देवळी, २४ नोव्हेंबर १९५७

काल सकाळी घरी पोचलो. डाव्या मनगटाला प्लॅस्टर आहे, बाकी मी ठीक. माणिक रडली नाही. तिने आधी मनगट पाहिलं आणि मग बाळीला माझ्या उजव्या हातावर दिलं. बाबांनी एवढंच विचारलं, "जबाब दिलास?" दिला म्हणालो. "मग झालं," म्हणाले. आयुष्यभर शाळेत हेडमास्तरकी केलेला माणूस. खरं सांगितलं की प्रकरण मिटतं, असा त्यांचा हिशेब.

हकीकत एकदा नीट लिहून ठेवतो. चौकशीत पुन्हा विचारतील, आणि सगळं आज जितकं स्वच्छ आठवतं तितकं पुढे आठवेल असं नाही.

या महिन्यात एका दुपारी आमचं डाकोटा आसामातून तांदूळ-मीठ घेऊन डोंगरातल्या चौकीवर गेलं. कॅप्टन चंद्रभानजी, आपल्याच समुद्रपूरचे, मी सहवैमानिक, मागे रेडिओवर सेनबाबू. पोती खाली ढकलायला दोन माणसं होती. माल टाकून परतताना ढगांनी वाट अडवली. खाली डोंगर, म्हणून वर जावं लागलं, अठरा हजार फुटांपर्यंत, आणि बराच वेळ तिथंच राहावं लागलं. ऑक्सिजनच्या दोन बाटल्यांपैकी एक रिकामी निघाली. भरलेल्या बाटलीचा मास्क कॅप्टननी सेनबाबूंना दिला, कारण त्यांना ताप होता. मला म्हणाले, "आपण वर्ध्याच्या उनात शिजलेले गडी. आपल्याले काय होते?"

मला खरोखरच काही होत नाही. मास्कशिवाय मी उंचीवर पूर्वीही गेलो आहे. उलट त्या दिवशी डोकं इतकं साफ होतं की समोरच्या तबकड्यांचा एकेक काटा वेगळा दिसत होता. नखं तेवढी निळी पडली होती, थंडीने. पोती ढकलणारे दोघे तर मागे गाढ झोपले होते.

बिघडले ते कॅप्टन. हसायला लागले. गुडघ्यावर ताल धरून 'वेशीत गाडी आली' म्हणू लागले. परतीची दिशा दोनशे दहा अंश, आणि यांनी विमान धरलं एकशे वीसवर. मी दोनदा सांगितलं. ऐकलं नाही. ढगांतून खाली आलो तेव्हा अनोळखी नदी आणि टाक्या रिकाम्या. वाळूवर पोटानेच उतरवावं लागलं. उतरवलं चंद्रभानजींनीच, आणि असं की पाचही माणसं जगली. सेनबाबूंचं कंबरेचं हाड मोडलं. खाली येईतो कॅप्टनची बहुधा उतरली असावी.

वास मी घेतलेला नाही. पण कॅप्टन मद्याच्या अमलाखाली असल्यासारखे वागत होते, असं जबाबात दिलं आहे. दुसरं काय कारण असणार?

२७ नोव्हेंबर

दुपारी माणिक बाळीला झोपवत होती. 'नीज नीज साळू, वेशीत गाडी आली' सुरू झालं आणि मी म्हणालो, "हेच. कॅप्टन हेच म्हणत होते."

तिने पाळण्याची दोरी धरून ठेवली. "हे? हे तर सासूबाईंनी केलेलं. वन्संच्या वेळी."

"समुद्रपुराकडेही म्हणत असतील."

"सासूबाई कधी समुद्रपूरला गेल्या नाहीत."

"गाणी फिरतात," मी म्हणालो. तिने पुन्हा दोरी ओढली, पण गायली नाही. बायका कशाचा विचार करत बसतील सांगता येत नाही.

५ डिसेंबर

चंद्रभानजींचे वडील आले होते. रूपरावजींना मी एकदाच पाहिलं होतं, मुलगा कॅप्टन झाला तेव्हा पेढे घेऊन आले होते. आज तुरीच्या ओल्या शेंगांचं गाठोडं घेऊन आले. ओसरीवर बाबांच्या समोर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पोराले इचारतो तं बोलत नाई. 'बाबा, माह्या ध्यानात काहीच नाई,' म्हणते. लोक म्हणून राह्यले का रूपरावचा पोरगा दारू पेऊन विमान पाडते. तुमी संग होते. खरं सांगजा. पेते काय तो?"

"पिताना मी पाहिलं नाही, रूपरावजी. पण त्या दिवशी ते शुद्धीवर नव्हते."

"म्हंजे पेऊन होता."

"तसंच म्हणावं लागेल."

त्यांनी शेंगांच्या गाठोड्याची गाठ आवळली. मग म्हणाले, "विमान शिकाले गेलता तवा मायनं त्याले मारुतीच्या पायावर हात ठेवाले लावलं होतं. दारूले शिवणार नाई म्हून. आता तिले काय सांगू?"

मी आतून चहा मागवला. चहा त्यांनी घेतला, बशीत ओतून, अर्धा. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "जिवावर येतं, पण सांगायला हवंच होतं." मलाही तसंच वाटतं. शेंगा माणिकने उकडल्या नाहीत. अजून कोपऱ्यात आहेत.

१४ डिसेंबर

आमच्या विमान कंपनीच्या नागपूरच्या कचेरीतून बोलावणं आलं म्हणून गेलो होतो. व्यवस्थापक स्वतः उठून दारापर्यंत आले. माझा जबाब फार मुद्देसूद आहे म्हणाले. रिकाम्या बाटलीचा उल्लेख मात्र उगाच आलाय, चौकशी करणाऱ्यांचं लक्ष मूळ गोष्टीवरून उडेल. मीही विचार केला, मला तर बाटलीवाचून काही झालं नाही, तेव्हा तिचा संबंध नाहीच. तोंडी साक्षीत बाटलीचं बोलणार नाही असं म्हणालो. पुढच्या वर्षी कॅप्टनच्या जागा निघणार आहेत, असं त्यांनी निघताना सहज सांगितलं. सज्जन गृहस्थ. स्टेशनपर्यंत मोटार दिली.

माणिकला हे सगळं सांगताना ती म्हणाली, "आल्या दिवशी म्हणालात कॅप्टनना दोनदा सांगितलं. आज म्हणता चारदा." मी जरा चिडलोच. दोनदा काय, चारदा काय. सांगितलं हे खरं.

३ जानेवारी १९५८

चौकशी अधिकाऱ्यांचा हुकूम आला. आम्हा दोघा वैमानिकांची बंगळूरला विमानदलाच्या डॉक्टरांकडून तपासणी व्हायची आहे. चंद्रभानजी जाऊन आले म्हणे. मी पुढल्या आठवड्यात. मनगट बरं आहे, मला काळजी नाही.

जी. टी. एक्सप्रेस, १७ जानेवारी

गाडी हलते आहे, अक्षर वाकडं येईल. वर्धा यायला अजून रात्र जायची आहे.

बंगळूरला एक लोखंडी कोठी आहे, जाड काचेची खिडकी असलेली. पंपाने आतली हवा कमी करत नेतात, म्हणजे जमिनीवर बसल्या बसल्या माणूस हव्या त्या उंचीवर जातो. आत मी आणि एक शीख अधिकारी. त्यांचा मास्क शेवटपर्यंत तोंडावर. बावीस हजारांवर डॉक्टरांनी बाहेरून भोंग्यातून मला मास्क काढायला सांगितलं आणि विचारलं, काय पाठ आहे? पाढे, म्हणालो. म्हणा. मी एकोणतिसाचा घेतला. बाबांच्या शाळेत तो भल्याभल्यांचा अडायचा, माझा कधी अडला नाही.

मला आठवतं ते असं. मी 'एकोणतीस दाहे दोनशे नव्वद' पर्यंत न अडखळता म्हटलं. अंगात छान ऊब होती. खिडकीतला उजेड जरा लहान झाल्यासारखा वाटला. पाढा संपला तेव्हा मी स्वतः मास्क लावला आणि म्हणालो, "बस्स, एवढंच?"

डॉक्टर हसले नाहीत. सरदारजींना म्हणाले, यांना सांगा.

मी तिसऱ्या ओळीपुढे गेलोच नव्हतो. सरदारजींना मराठी येत नाही, पण तेच ते शब्द ऐकून त्यांचेही पाठ झाले होते. "त्रिक सत्त्याऐंशी, त्रिक सत्त्याऐंशी," त्यांनी म्हणून दाखवलं. डॉक्टरांनी मास्क लावायला सांगितलं, मी 'हो, लावतो' म्हणालो आणि लावला नाही. पुन्हा सांगितलं. मी हसून हात हलवला. न लावलास तर मरशील, असं सांगितलं, त्यावरही हसलो. शेवटी सरदारजींनी मास्क माझ्या तोंडावर दाबला.

मी वाद घातला. चक्क घातला. मास्क मी लावला, मला आठवतंय ना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला मास्क लावून आत बसवलं आणि समोर एका धडधाकट तरुण अधिकाऱ्याला बिनमास्कचं. त्याला कोटाची बटणं लावायला सांगितली होती. थोड्या वेळाने तो एकच बटण लावत होता, काढत होता आणि गाणं म्हणत होता. ओठ जांभळे. कसं वाटतंय विचारलं की म्हणे, एकदम झकास. मास्क घातल्यावर त्याने मला अभिमानाने सांगितलं की सगळी बटणं लावली. कोट उघडाच होता.

डॉक्टर म्हणाले, "दारू प्यायलेल्याला निदान आपण प्यायलो हे ठाऊक असतं. हवा कमी पडली की आधी जातं ते हेच, आपलं काही चुकतंय हे कळणं."

चंद्रभानजींचंही असंच झालं का, मी विचारलं. झालं, म्हणाले. त्यांनी बाहेर आल्यावर पहिला प्रश्न केला होता, माझ्या सहवैमानिकालाही असंच होतं का?

देवळी, २० जानेवारी

बाबांशी बोललो.

"कॅप्टनना मी दिशा सांगितली हे मला आठवतं, बाबा. पण पाढा पुरा केला हेही मला तितकंच स्वच्छ आठवतं."

"म्हणजे जबाबात खोटं बोललास?"

"नाही."

"मग खरं सांगितलंस."

"तेही सांगता येत नाही."

बाबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. "खरं आणि खोटं सोडून तिसरं काही असतं," ते म्हणाले, "हे मी पोरांना कधी शिकवलं नाही."

जबाब मागे घेतला तर कॅप्टनची जागा गेली, हे सरळ आहे. लायसन्सही जाईल कदाचित. आणि मागे घेऊन तरी काय सांगणार? चंद्रभानजी प्यायले नव्हते असंही मला माहीत नाही. मला काहीच माहीत नाही. हे लिहायलाही कसंसंच वाटतं.

२६ जानेवारी

हिंगणघाटवरून जामला गेलो आणि तिथून समुद्रपूर. आनंदाबाईंनी, म्हणजे चंद्रभानजींच्या आईने, दारातच पाण्याचा तांब्या दिला. आणि आत निघून गेल्या. चंद्रभान शेतात आहे, एवढं शेजारच्या एका बाईने सांगितलं.

शेवटची वेचणी चालली होती. चंद्रभानजी कापसाचं गाठोडं खांद्यावर घेऊन धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, येत होते. मला पाहून थांबले, गाठोडं खाली ठेवलं.

"काऊन आला?"

मी बंगळूरचं सगळं सांगितलं. पाढ्याचंही. ते हसले नाहीत. बाभळीखाली बसले, मलाही बसवलं.

"माह्या ध्यानात एकच गोष्ट हाय, अच्युत. मले लय आनंद झालता. पोरगं झालं तवाबी इतका झाला नवता. कायचा आनंद, इचारशीन तं सांगता येत नाई. मंग एकदम नदी दिसली. मंधातलं काहीच नाई."

"मग चौकशीत तसं सांगितलं का नाही?"

"कोन आयकते? अन् मले वाटे, तू तं बरा होता. तू म्हणतं तं तसंच असंन. बाबालेबी म्या तेच सांगतलं, अच्युत खोटं बोलत नाई म्हणलं." ते बोटाने जमिनीवर रेघा ओढत होते. "दारूचं तेवढं समजे नाई. म्या पेलो नाई हे मले माहीत हाय. पण मंग वाटे, खरंच माहीत हाय काय? रोज सकाळी उठून तेच."

म्हणजे दोन महिने हा माणूस माझ्या शब्दाखातर स्वतःवर संशय घेत होता.

"जबाब मागे घेतो," मी म्हणालो.

"मंग तुह्यं काय होईन?"

"ठाऊक नाही."

"वयनीले इचारलं काय?"

विचारलं नव्हतं. घरी येऊन विचारलं. माणिक म्हणाली, "त्यात विचारायचं काय आहे?"

नागपूर, ११ फेब्रुवारी

चौकशीचा दिवस. एक लांब टेबल, दिल्लीहून आलेले अधिकारी, कंपनीचे व्यवस्थापक, चंद्रभानजी कोट घालून, रूपरावजी मागच्या बाकावर.

मी काल रात्रभर घोकलेलं म्हटलं. त्या उंचीवर मला काय दिसलं आणि काय ऐकू आलं याची हमी मी देऊ शकत नाही. मद्याबद्दलचं वाक्य मागे घेतो. एक बाटली रिकामी होती, हे मात्र वाळूवर उतरल्यावरही मी तपासलं होतं, ते कायम आहे. व्यवस्थापक खिडकीबाहेर पाहू लागले. अधिकाऱ्यांनी विचारलं, स्वतःच्या साक्षीवर विश्वास नाही असं म्हणायचंय तुम्हाला? मी म्हणालो, त्या तेवढ्या वेळापुरता, नाही.

बसलो तेव्हा बरं वाटलं होतं. वाटलं, झालं, याहून अवघड काही नाही.

मग सेनबाबूंना बोलावलं. कुबड्यांवर आले. आजवर ते कलकत्त्याच्या इस्पितळात होते आणि त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांच्या तोंडावर मास्क होता, हे आम्ही सगळे विसरलो होतो. पाचांतला शुद्धीवरचा माणूस तोच.

ते सावकाश बोलले. कॅप्टननी दोनदा विचारलं, दिशा किती? सहवैमानिकांनी एकशे वीस सांगितली. सेनबाबू बाटली घेऊन पुढे आले आणि माझ्या कानाशी ओरडले, दोनशे दहा! मी म्हणालो, बरोबर, दोनशे दहा. आणि वळून कॅप्टनना पुन्हा एकशे वीस सांगितलं.

"कॅप्टन हसत होते?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"दोघेही हसत होते, सर."

"आणि गात होते?"

"कॅप्टन नाही. गात होते ते सहवैमानिक. गुडघ्यावर ताल धरून. ढगांतून बाहेर येईपर्यंत थांबले नाहीत."

"तुम्ही मास्क कॅप्टनना का दिला नाही?"

"त्यांच्या नाकाला लावला, सर. त्यांनी तो परत माझ्याकडे ढकलला. तुला ताप आहे, म्हणाले."

मी माझे हात टेबलाखाली घेतले. कुणा दुसऱ्याच माणसाबद्दल ऐकत असल्यासारखं वाटत होतं. त्या माणसाचा मला रागही येत होता. चंद्रभानजींकडे पाहायचं धाडस झालं नाही. बाहेर आल्यावर त्यांनीच माझा दंड धरला. रूपरावजी पुढे निघून गेले होते.

देवळी, १३ फेब्रुवारी

माणिकला म्हणालो, "गाणं मीच म्हणत होतो."

"मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"तुम्ही सांगितलंत तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, गाणी फिरतात."

२२ मार्च

निकाल आला. चंद्रभानजींवर ठपका नाही, लायसन्स परत. यापुढे विमानात प्रत्येक माणसामागे एक भरलेली बाटली, आणि ती निघण्याआधी तपासायची. माझं लायसन्स सप्टेंबरपर्यंत अडकवून ठेवलं आहे, चुकीचा जबाब दिल्याबद्दल नव्हे, तर पुन्हा तपासणी व्हावी म्हणून. कॅप्टनच्या जागेबद्दल कंपनीकडून पुन्हा कुणी काही बोललेलं नाही.

समुद्रपूरला जाऊन रूपरावजींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मले एकट्याले सांगून काय होते? बदनामी तं बजारात झाली. बजारात सांगजा."

बरोबरच होतं. बाजारादिवशी पुन्हा गेलो. बबनरावांच्या चहाच्या हाटेलात लोक जमले होते, तिथं उभा राहून सांगितलं. रूपरावजी आणि चंद्रभानजी दोघेही बाकावर बसले होते. हवा कमी पडली की माणूस न पिता झिंगतो, हे कुणाला पटेना. "मंग आमाले वर नेजा ना साहेब, फुकटात होईन," एकजण म्हणाला आणि सगळे हसले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कॅप्टन प्यायले नव्हते, दिशा मी चुकीची सांगितली, विमान त्यांनी उतरवलं म्हणून मी इथं उभा आहे. तेव्हा हसणं थांबलं. निघताना आनंदाबाईंनी घरी बोलावून भाकर आणि वांग्याचं भरीत वाढलं. वाढताना म्हणाल्या, "मले पयलेच माहीत होतं." दुसरं काही नाही.

आसाम, ९ ऑक्टोबर १९५८

सहवैमानिक म्हणून चंद्रभानजींनीच मला मागून घेतलं. आज पहिली फेरी. बाटल्या पाच, पाचही त्यांनी स्वतः उघडून पाहिल्या, नंतर मी पाहिल्या. सेनबाबूंच्या जागी नवा माणूस आहे. सेनबाबू आता जमिनीवरच्या कचेरीत असतात. निघताना त्यांनी खिडकीतून हात केला.

दहा हजारांवर आलो तेव्हा ढग नव्हते. डोंगरांवर ऊन होतं. चंद्रभानजींनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कसं वाटून राह्यलं?"

"एकदम छान," मी म्हणालो. खरंच छान वाटत होतं. डोकं साफ होतं, काट्यांवरचे आकडे स्वच्छ दिसत होते.

"मलेबी," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी मास्क लावले.